स्कॅन सुरू करणं आणि स्कॅन संपवणं

मंडळी, कर्वेनगरातल्या कुठल्याही सोसायटीत वाय-फायची यादी उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची नावं धडाधड येतात. लिनक्सचा वायरलेस ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहिताना ही यादी लवकरच दिसायला लागते आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. मला मात्र आज तुम्हाला इथेच थांबवायचंय. ही यादी मिळते स्कॅन करून, आणि स्कॅन सुरू करणं कुणालाही जमतं. ड्रायव्हरचा कस लागतो तो संपवताना.

आधी वेळेचं गणित. राउटर साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' असा संदेश, पाठवतो. नुसतं ऐकून राउटर शोधायचे, म्हणजे पॅसिव्ह स्कॅन करायचा, तर प्रत्येक चॅनलवर त्याहून जरा जास्त थांबावं लागतं. मॅक८०२११, म्हणजे अनेक ड्रायव्हर वापरतात तो लिनक्सचा तयार वाय-फाय कोड, सुमारे १११ मिलिसेकंद थांबतं. २.४ गिगाहर्ट्‌झचे १३ चॅनल धरले तर झाला जवळजवळ दीड सेकंद. ॲक्टिव्ह स्कॅनमध्ये आपण प्रोब पाठवून उत्तर मागतो, वेळ वाचतो. पण ५ गिगाहर्ट्‌झमधले काही चॅनल रडारही वापरतं. तिथे आपण होऊन बोलायचं नाही, आधी ऐकायचं. तसा फ्लॅग, म्हणजे खूण, चॅनलवर असतो आणि तो पाळण्यात सूट नाही.

घरी करून बघा. एका टर्मिनलवर राउटरला पिंग लावा, दुसऱ्यावर स्कॅन सोडा. पिंगचे आकडे मध्येच उड्या मारायला लागतात, कारण रेडिओ दुसऱ्या चॅनलवर गेलेला असतो. जाण्याआधी त्याने राउटरला पॉवर सेव्हचा बिट लावलेली एक रिकामी फ्रेम, म्हणजे वाय-फायचं पाकीट, पाठवायची असते. राउटरला वाटतं हा झोपला, आणि तो याच्या फ्रेम राखून ठेवतो. ही फ्रेम राहिली, की व्हिडिओ कॉल तुटतो आणि बोल लागतो इंटरनेट कंपनीला.

आता संपवण्याकडे येऊ. स्कॅन फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतला प्रोग्रॅम, करत असेल, तर सीएफजी८०२११ हा लिनक्सचा वरचा वाय-फाय थर ड्रायव्हरच्या हातात एक रिक्वेस्ट देतं. ड्रायव्हरने शून्य परत केलं की त्याने शब्द दिला: काम झालं की 'स्कॅन डन' कळवीन, एकदा आणि एकदाच. तोवर येणाऱ्या प्रत्येक नव्या स्कॅनला 'बिझी' असं उत्तर मिळतं. फर्मवेअर मध्येच गप्प झालं तर? यादी जुनीच राहते, आणि बिचारा वापरणारा मशीन रीस्टार्ट करतो.

म्हणून टायमर लावायचा: ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर 'ॲबॉर्टेड' म्हणून कळवून मोकळं व्हायचं. पण खरी गोम इथेच आहे. टायमर वाजला आणि त्याच क्षणी फर्मवेअरचंही उत्तर आलं, तर दोघेही 'स्कॅन डन' म्हणणार. पहिल्याने म्हणताच सीएफजी८०२११ रिक्वेस्टची मेमरी सोडून देतं, आणि दुसरा सोडलेल्या मेमरीला हात घालतो. उपाय छोटा आहे: लॉक घ्या (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), रिक्वेस्टचा पॉइंटर, म्हणजे तिचा मेमरीतला पत्ता, स्वतःकडे घ्या, मूळ जागी नल, म्हणजे रिकामा पत्ता, ठेवा, लॉक सोडा. हाती नल आला तर गुपचूप परत फिरा. पॉइंटर ज्याच्या हाती लागला, त्यानेच कळवायचं.

इंटरफेस बंद करतानाही हाच रस्ता धरा. फक्त टायमरचं काम थांबवायला जाताना तोच लॉक धरून ठेवू नका. ते काम लॉकसाठी अडतं, तुम्ही ते संपण्यासाठी अडता, आणि दोघेही तिथेच अडकून पडता. कोड पाठवण्याआधी स्कॅन लूपमध्ये लावा, मधेमधे इंटरफेस खाली-वर करा, आणि रात्रभर चालू द्या.