बेअरिंग ऐकणारी चिप

[दृश्य: बडोदा, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत). फिटरने स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरच्या बेअरिंगपाशी टेकवलंय, दांडा कानाला.]

"काका, कसं वाटतंय?"
"बाहेरच्या रिंगला खड्डा पडलाय. बदलून टाक."

६२०५ नंबरचं बेअरिंग, मोटर १४४० आरपीएम: बाहेरच्या रिंगवर खड्डा असेल तर सेकंदाला सुमारे ८६ ठोके पडतात. त्यामुळे एका सेकंदाचा आवाज पुरतो. काकांचं हे काम छोट्या चिपवरच्या न्यूरल नेटवर्ककडून, म्हणजे नमुने दाखवून शिकवलेल्या प्रोग्रामकडून, करून घ्यायचंय. त्यासाठी इथे ६४ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर आहे, २५६ केबी रॅमचा.

[दृश्य: बोर्ड, शेजारी स्क्रीनवर आवाजाचा आलेख]

बहुतेक जण आधी मॉडेलच्या, म्हणजे या नेटवर्कच्या, फाइलचा आकार बघतात. पण वेट्स, म्हणजे शिकून ठरलेले आकडे, फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या साठवणीत, राहतात. अडतं ते रॅमपाशी. नेटवर्क थराथराने आकडेमोड करतं. मधल्या थराचा नकाशा, म्हणजे आकड्यांचा तक्ता, २५ गुणिले २०, असे तक्ते (चॅनेल) ६४, म्हणजे ३२,००० आकडे. फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे ठेवायच्या पद्धतीत, प्रत्येकी ४ बाइट. थर चालताना आत येणारे आणि बाहेर पडणारे आकडे एकाच वेळी धरून ठेवावे लागतात: २,५६,००० बाइट. रॅम जवळजवळ भरलीच, मायक्रोफोनचा बफर, म्हणजे येणारा आवाज, कुठे ठेवायचा? प्रत्येक आकडा आठ बिटांवर (१ बाइट) आणला की हेच ६४,००० बाइटांत बसतं.

आता गुणाकार. याच नकाशावर साधं कन्व्होल्यूशन, म्हणजे ३ बाय ३ ची चौकट सरकवत गुणाकार-बेरीज करणं, १ कोटी ८४ लाख गुणाकार मागतं. आधी प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे गाळून घ्या, मग १ बाय १ ने सगळे मिसळा; काम २३ लाख ३६ हजारांत होतं. २०१७च्या मोबाइलनेट या हलक्या नेटवर्कची मांडणी हीच आहे.

वेट्स नुसते शून्य करून मात्र वेळ वाचत नाही. साधा कोड शून्यालाही गुणतच राहतो. अख्खे चॅनेल काढा आणि मॉडेल पुन्हा थोडं शिकवा.

[दृश्य: शेडमध्ये जमिनीवर पाना पडतो. आलेखात उंच टोक.]

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आकडे आठ बिटांवर आणताना. आठ बिटांत २५६ पायऱ्या; त्या किती पल्ल्यावर पसरायच्या, ती पट्टी नमुन्याच्या आवाजांवरून ठरते. नेहमीचे आकडे ० ते ६ मध्ये असतात. नमुन्यात पाना पडल्याचा एकच आवाज शिरला आणि एखादा आकडा ६० वर गेला, की पट्टी ६० पर्यंत ताणली जाते. नेहमीच्या आवाजाला उरतात जेमतेम २५ पायऱ्या, आणि बारीक खड्डा त्यात दिसेनासा होतो. उलट, फक्त शांत चालणारी मोटर नोंदवली तर सुरू होतानाचा जोराचा आवाज वरच्या टोकाला कापला जातो. म्हणून पट्टी ठरवायचे नमुने याच शेडमधले घ्या, मोटर सुरू होताना, भारावर आणि रिकामी चालताना. अपघाती टोकं काढून टाका. मग फ्लोट आणि आठ बिट, दोन्हींची उत्तरं थराथराने ताडून पाहा. फरक जिथे अचानक वाढतो, तिथली पट्टी चुकली आहे.

बॅटरीचं गणित त्याहून सोपं. बेअरिंग मिनिटभरात बिघडत नाही. दर १० मिनिटांनी एक सेकंद ऐकलं तर ६०० पैकी ५९९ सेकंद मायक्रोफोन बंद आणि प्रोसेसर जवळजवळ सगळा वेळ झोपेत राहतो. मोटर बंद असेल तर नेटवर्क चालवायचंच नाही. आवाजाची सरासरी पातळी बघून ते आधीच कळतं.