माजघर आणि ढोल

[दृश्य: हर्णै बंदर. संध्याकाळ. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव.]

होड्या लागल्या की हर्णैच्या वाळूतच लिलाव सुरू होतो. बोली, हाका, इंजिनं, कावळे, बर्फ फोडल्याचा आवाज. या गलक्यातून बहुतेकांना हवं तेवढंच ऐकता येतं. मला नाही येत. भाव सांगणारीचा शब्द आणि तिच्या बांगड्यांची किणकिण माझ्या कानात सारख्याच जोरानं शिरतात.

मी ऑटिस्टिक आहे. वय ३६. निदान झालं ३१व्या वर्षी. तोवर वाडीत मला घुमी म्हणायचे, शिष्ट म्हणायचे. "डोळ्यांत बघून बोल," हे वाक्य लहानपणी किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. डोळ्यांत बघितलं की समोरचा काय बोलतोय ते माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. पण तसं का होतं, हे कुणी विचारलं नाही.

[दृश्य: भरतीचं पाणी खडकांवर चढतं आहे.]

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. मूळ परदेशी शब्दाच्या पोटातही 'स्वतः' हाच अर्थ आहे. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही स्वतःत बुडालेले दिसतो, म्हणून हे नाव. माझा अनुभव अगदी उलटा आहे. बाहेरचं सगळं एकदम आत येतं, उधाणाचं पाणी खाडीत घुसावं तसं. मग मी दार लावून घेते. लोकांना दिसतं ते फक्त लावलेलं दार.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ ऑटिस्टिक मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक वर्षं ऑटिझमबद्दल लिहिलं ते बघणाऱ्यांनी. आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असं होतं, असंही एके काळी मोठमोठे लोक सांगत होते. किती आयांनी तो दोष आयुष्यभर उरावर घेतला असेल, या विचारानं मला आजही भरून येतं.

अमेरिकेतल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक टेंपल ग्रँडिन स्वतः ऑटिस्टिक. आवाज आणि स्पर्श कसे अंगावर येतात, ते त्यांनी १९८६च्या आत्मकथनात सांगितलं. अमेरिकेतल्या निदानाच्या निकषांत संवेदनांची ही कमी-जास्त प्रतिक्रिया स्वतंत्रपणे नोंदली गेली ती २०१३ साली. मधली २७ वर्षं आमच्यातली माणसं सांगतच होती.

ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, असं म्हणतात. ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन, तेही ऑटिस्टिक, यांनी २०१२ साली विचारलं: आणि तुम्हाला आमचं कळतं का? न कळणं दोन्ही बाजूंनी असतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा. एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीतून गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पुढे गेली. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

[दृश्य: रिकामं सभागृह. रांगेत खुर्च्या.]

२ एप्रिल, जागतिक ऑटिझम दिन. तालुक्याच्या एका कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. मंचावर डॉक्टर, शिक्षिका, पालक. मला गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला. प्रश्न सगळे मंचाला विचारले गेले. "मोठेपणी यांचं काय होतं?" एका बाबांनी विचारलं. त्याचं उत्तर फूल हातात धरून तिसऱ्या रांगेत बसलं होतं.

डॉक्टर नकोत, असं मी म्हणत नाही. माझं निदान डॉक्टरांनीच केलं. आईबाबा रात्र-रात्र जागतात, त्यांचं जाणणंही खरं आहे. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आपण इतर प्रत्येक बाबतीत मानतो. दिव्यांगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २००७ साली मान्य केला. दिव्यांगांविषयीचे कायदे आणि धोरणं ठरवताना त्यांच्याशी सल्लामसलत करायची, असं त्यात लिहिलेलं आहे. २०१६च्या आपल्या कायद्यात २१ दिव्यांगत्वं आहेत, त्यांत ऑटिझम आहे.

एक आई मला म्हणाली, "ताई, तुम्ही बोलता तरी. माझा बोलत नाही. तुम्हाला त्याचं काय कळणार?" प्रश्न रास्त होता.

[दृश्य: शिमगा. पालखी अंगणात येते.]

तिचा मुलगा नऊ वर्षांचा. शिमग्यात पालखी घरी आली की कान दाबून किंचाळायचा. आजी म्हणायची, "गो बाय, ढोलाला घाबरतो तो." भीती नव्हे, आवाज सगळीकडून येतो म्हणून, मी सांगितलं. पालखी कधी येणार ते त्याला आदल्या दिवशी सांगा, आणि माजघरात बसू द्या.

यंदा त्याच्या आईनं चित्रांची कार्डं केली. अंगण, ओटी, माजघर, मागीलदार, ढोल. त्यानं माजघराचं कार्ड बाजूला सारलं आणि ढोलाचं उचललं. आम्हाला वाटलं, चुकला. त्यानं पुन्हा तेच उचललं.

पालखी यायच्या आधी ढोलवाल्या काकांनी ढोल त्याच्यापुढे धरला. त्यानं दोन्ही तळवे चामड्यावर टेकवले. काकांनी हळूच टिपरी मारली. मग जरा जोरात. त्याचे हात तिथेच होते.

माजघर मला हवं असतं. त्याला ढोल हातात हवा होता.