वरळीचा मनोरा आणि नागावचा बांबू

श्रोते हो, नमस्कार.

आज मी आपल्याशी मुंबई दूरदर्शन केंद्राविषयी बोलणार आहे आणि सुरुवात पडद्यापासून न करता घराच्या छपरापासून करणार आहे. छपरावर ॲन्टेना असण्याच्या काळात मुंबईच्या आसपासच्या कोणत्याही गावात उभे राहिले, तरी केंद्राचा मनोरा असलेली वरळी कोणत्या दिशेला आहे हे कोणालाही न विचारता कळत असे, कारण गावातल्या साऱ्या ॲन्टेनांची तोंडे तिकडेच वळलेली असत. ठाण्यातली नैर्ऋत्येला, पनवेलची पश्चिमेला आणि अलिबागची समुद्रावरून थेट उत्तरेला.

दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली ती 15 सप्टेंबर 1959 रोजी. त्यानंतर तेरा वर्षे ती दिल्लीपुरतीच राहिली आणि 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले. देशातले हे दुसरे केंद्र. पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. इथे एक फरक लक्षात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. कार्यक्रम जिथे तयार होतात, ते केंद्र. आणि तिथून आलेले कार्यक्रम जिथून फक्त पुढे पाठवले जातात, ते सहक्षेपण केंद्र. वरळीला स्टुडिओ होता, निर्माते होते, वृत्तविभाग होता. सिंहगडावर होते ते प्रक्षेपक यंत्र, उंच खांब आणि वारापावसात त्यांची राखण करणारे अभियंते. आपण निवेदकांची नावे आठवतो, या अभियंत्यांची मात्र कधीच आठवत नाही, आणि ती आठवली पाहिजेत असे मला मनापासून वाटते.

त्या वेळी हे सारे आकाशवाणीचेच अंग होते. 1 एप्रिल 1976 रोजी दूरदर्शन वेगळे झाले. तोवर आकाशवाणीवर घडलेली माणसेच कॅमेऱ्यासमोर आणि कॅमेऱ्यामागे काम करत होती. मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांना संध्याकाळच्या मोजक्या तासांत जागा द्यावी लागे. त्या मोजक्या तासांतच सुहासिनी मुळगावकरांचे ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ बसले, विनायक चासकरांचा ‘गजरा’ बसला, शेतकऱ्यांसाठीचे ‘आमची माती, आमची माणसं’ बसले. बातम्यांची दृश्ये सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर टिपली जात; ती फिल्म धुऊन, वाळवून, कापून, जोडून संध्याकाळच्या बातमीपत्रापर्यंत तयार ठेवणे ही रोजची शर्यत असे.

स्टुडिओतून निघालेले चित्र नियंत्रण कक्षात, तिथून प्रक्षेपकाकडे आणि प्रक्षेपकाकडून वरळीच्या सुमारे 300 मीटर उंचीच्या मनोऱ्यावर जाई. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून मनोरा उंच हवा. पुन्हा सांगतो, लहरी सरळ जातात म्हणूनच मनोरा उंच हवा. मध्ये डोंगर आला की त्यापलीकडच्या गावाच्या नशिबी अंधार, आणि मध्ये समुद्र असला तर पन्नास किलोमीटरवरचे गावही उजळते.

असेच उजळलेले एक गाव माझ्या आजोळचे, अलिबागजवळचे नागाव. 1979 सालची गोष्ट सांगतो. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. माझ्या मामाच्या नारळीपोफळीच्या वाडीत त्या वर्षी गेंड्या भुंग्याने धुमाकूळ घातला होता. ज्यांच्या घरी माड आहेत त्यांना हा भुंगा वेगळा सांगायला नको. तो माडाच्या सुईत, म्हणजे न उलगडलेल्या कोवळ्या झावळीत, शिरून कोवळा गाभा पोखरतो आणि मग नवी झावळी उलगडते ती कात्रीने कातरल्यासारखी. मामाने सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी एक पोस्टकार्ड लिहिले. पत्ता होता मुंबई दूरदर्शन केंद्राचा, आणि आपल्या चार ओळींखाली त्याने नाव-गाव अगदी सावकाश, वळणदार अक्षरात घातले होते. वाडीत पंचवीस घरे आणि टीव्ही एकाच घरी, म्हणजे मामाच्याच. त्यामुळे पत्र गेल्याचे सर्वांना ठाऊक होते. आठवडे गेले. दर वेळी शेतीचा कार्यक्रम लागला की पडवी माणसांनी भरे आणि कार्यक्रम संपला की कोणी काही न बोलता उठून जाई.

पावसाळा सरत आला होता. त्या संध्याकाळी समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता. आमची ॲन्टेना परसातल्या उंच बांबूवर बांधलेली होती. मुंबईच्या वाहिनीसाठी लागणाऱ्या तिच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या चांगल्या अडीच मीटरच्या आसपास लांब असत, त्यामुळे वारा त्यांना शिडासारखा धरी. कार्यक्रम सुरू झाला आणि वाऱ्याने बांबू फिरवला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मामाने मला परसात पिटाळले. मी बांबू दोन्ही हातांनी धरून हळूहळू उत्तरेकडे फिरवू लागलो आणि मागच्या खिडकीतून माझा मामेभाऊ ओरडू लागला, “आलं, आलं! गेलं! अरे, मागे घे! आलं, आता हलू नकोस!” मी हात सोडला की बांबू पुन्हा फिरे. शेवटी आतून मामाचा आवाज आला, “बाळा, तसाच धरून उभा राहा. सोडू नकोस.”

मी उभा राहिलो. अंधार पडला होता, पोफळींतून वारा घोंगावत होता आणि वरून पावसाचे तुरळक थेंब येत होते. आणि मग खिडकीतून एक शांत, स्वच्छ आवाज आला. त्या आवाजाने मामाचे पूर्ण नाव घेतले. पुढे म्हटले, “मुक्काम नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा.” आमचा जिल्हा तेव्हा कुलाबाच होता, रायगड हे नाव 1981 साली मिळाले. पडवीत एवढी माणसे बसली होती, पण एकाच्याही श्वासाचा आवाज आला नाही. आवाज होता कार्यक्रमातल्या शेतीतज्ज्ञांचा. त्यांनी सांगितले, भुंगा माडावर दिसत असला तरी त्याचे घर माडावर नसते, ते तुमच्या शेणखताच्या खड्ड्यात असते. त्याच्या अळ्या तिथे वाढतात, म्हणून खड्डा उपसून अळ्या वेचा आणि नष्ट करा. माडात शिरलेला भुंगा तारेच्या आकड्याने बाहेर ओढा. आणि हे एकट्याने करून उपयोग नाही, साऱ्या वाडीने एकाच वेळी केले पाहिजे. उत्तर दोन-तीन मिनिटांचे असेल. तेवढा वेळ मी बांबू हलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फावडे घेऊन खड्ड्याशी गेला, तेव्हा शेजारचे चौघे आधीच आपापले खड्डे उपसत होते. त्या आठवड्यात अख्ख्या वाडीने घमेली भरभरून अळ्या काढल्या.

मी ते उत्तर ऐकले, पाहिले मात्र नाही. बोलणारे गृहस्थ कसे दिसत होते, हे मला आजही ठाऊक नाही. पण आपल्या गावाचे नाव तालुक्या-जिल्ह्यासह, एकही अक्षर न चुकवता उच्चारले गेले की माणसे कशी सावरून बसतात, हे मी त्या रात्री ओळखले. बातम्या देणाऱ्यांनी गावाचे नाव उच्चारण्याआधी त्या गावच्या माणसाला विचारावे, हा माझा आग्रह तेव्हापासूनचा आहे आणि प्रत्येक नव्या सहकाऱ्याला मी तो ऐकवतो.

आता पुढचा इतिहास थोडक्यात. 15 ऑगस्ट 1982 पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीहून निघालेले चित्र उपग्रहामार्फत एकाच वेळी सर्व केंद्रांवर दिसू लागले आणि त्याच वर्षी रंगही आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगावी लहान शक्तीचे प्रक्षेपक उभे राहिले, पण ते उपग्रहावरून दिल्लीचे कार्यक्रम घेत. म्हणजे काय झाले पाहा: महाराष्ट्रातल्या अनेक गावांत टीव्ही आला, तो मराठी न बोलता आला. नागावला वरळी दिसत होती. सह्याद्रीच्या पलीकडच्या कितीतरी गावांना दिल्ली दिसत होती, मुंबई नव्हती. जोडणी मोठी झाली याचा मला आनंदच आहे, परंतु स्थानिक केंद्राच्या हाती संध्याकाळचे किती तास उरतात, या प्रश्नाला मी जोडणीच्या आकाराहून अधिक मोल देतो. मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी 1994 मध्ये आली आणि तिला ‘सह्याद्री’ हे नाव 2000 साली मिळाले, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघाली.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. चित्रफिती महाग होत्या, म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यांच्यावर नवे टिपले जात. जे वाचले आहे त्याची निगा राखणे, त्याची सूची करणे आणि ते लोकांसाठी खुले करणे यावर पैसा खर्च झाला पाहिजे. नव्या स्टुडिओच्या आधी झाला पाहिजे.

देशातले जुन्या पद्धतीचे बहुतेक सर्व प्रक्षेपक 2021-22 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाले. नागावच्या घरावर आता थाळीच्या आकाराची डिश आहे आणि तिचे तोंड वरळीकडे नाही, आग्नेयेला आकाशाकडे आहे. वरळीच्या स्टुडिओतली मराठी बातमी आता सुमारे 36,000 किलोमीटर वर उपग्रहाकडे जाते आणि तेवढीच खाली येऊन त्याच परसात उतरते. मामेभावाने तो बांबू मात्र जपून ठेवला आहे. हल्ली त्याच्या टोकाला आकडा लावून नारळ काढतात.

नमस्कार.