घसरायला वाव नाही, म्हणून वाकते

(पडद्यावर: श्वासनलिकेचे अस्तर, वाऱ्यावरच्या शेतासारखे लहरणारे)

आत्ता, या क्षणी, तुमच्या श्वासनलिकेत कफाचा पातळ थर घशाकडे सरकतो आहे, मिनिटाला साधारण अर्धा सेंटिमीटर. धूळ, परागकण, जिवाणू त्याला चिकटलेले असतात. घशाशी पोचलेला कफ आपण नकळत गिळतो. हा थर ढकलतात पक्ष्माभिका, म्हणजे पेशींवरचे केसासारखे सूक्ष्म तंतू (सिलिया).

एकेका पेशीच्या माथ्यावर त्या सुमारे 200 असतात. लांबी 6 ते 7 मायक्रोमीटर, सेकंदाला 10 ते 15 फटके. पुढे जाताना पक्ष्माभिका ताठ असते आणि टोकाने कफाला खालून रेटते. परतताना वाकून, पेशीलगतच्या पातळ द्रवातून येते. हा द्रव आटला की कफ थेट पक्ष्माभिकांवर बसतो आणि त्या रुततात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात हेच होते.

(पडद्यावर: पक्ष्माभिकेचा आडवा छेद, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून)

कडेने सूक्ष्मनलिकांच्या 9 जोड्या, मधोमध 2 सुट्या नलिका. प्रत्येक जोडीतून डायनीन प्रथिनाचे हात शेजारणीकडे झेपावलेले. एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, खर्चून हे हात शेजारच्या जोडीला धरतात, खेचतात, सोडतात. एवढ्याने जोड्या एकमेकींवरून नुसत्या घसरल्या असत्या. पण बुंध्याशी त्या रोवलेल्या आहेत आणि जोड्यांना एकमेकींशी बांधणारे नेक्सिन प्रथिनाचे दुवे आहेत. घसरायला वाव नाही, म्हणून अख्खा दांडा वाकतो. आधी एका बाजूचे हात ओढतात, मग दुसऱ्या.

याचा पुरावा फार देखणा आहे. 1971 साली समर्स आणि गिबन्स या शास्त्रज्ञांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या शुक्राणूंच्या शेपट्या घेतल्या; त्यांची रचनाही हीच, 9 अधिक 2. ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराने दुवे पचवले, मग एटीपी घातले. शेपटी वाकली नाही. जोड्या एकमेकींवरून सरकत बाहेर आल्या.

आणि डायनीनचे हातच नसले तर? 1976 साली स्वीडनचे शास्त्रज्ञ आफ्झेलियस यांनी अशी माणसे दाखवून दिली: कायमचा खोकला, सायनसचा त्रास, निश्चल शुक्राणू आणि काहींचे हृदय उजवीकडे. गर्भात गरगरणाऱ्या पक्ष्माभिका द्रव डावीकडे वाहवतात, त्यावरून डावे-उजवे ठरते. प्रवाह थांबला की बाजू नशिबावर. म्हणून सुमारे निम्म्या रुग्णांचे अवयव उलट असतात.

या आजाराच्या निदानात एक चूक सहज होते. सर्दीनेही पक्ष्माभिका तात्पुरत्या बिघडतात, म्हणून नाकातला नमुना संसर्ग ओसरल्यावर 4 ते 6 आठवड्यांनी घ्यावा. सूक्ष्मदर्शकातून पक्ष्माभिकांचा छेद निर्दोष दिसला तरी आजार नाही असे म्हणता येत नाही. सुमारे 30 टक्के रुग्णांत तो निर्दोषच दिसतो.