एकादशी आणि दिवे घाट

नमस्कार श्रोतेहो.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणं सोडून सासवडकडे निघते, तो दिवस बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. पोटात फराळाचं, काहींच्या तर तेही नाही. पायाखाली जवळपास तीस किलोमीटर वाट आणि उत्तरार्धात दिवे घाटाची चढण. हे बळ येतं कुठून? माउलींच्या कृपेनं, असं वारकरी सांगतीलच. मी आपला शरीराच्या बाजूचा हिशेब मांडतो.

जेवणातली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. साधारण शंभर ग्रॅम यकृतात, तीन-चारशे ग्रॅम स्नायूंमध्ये. रक्तात एका वेळी फिरते ती फार तर चमचाभर. मेंदूला मात्र दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागते. आता गंमत अशी, की मांडीच्या स्नायूंत साखर भरपूर असली तरी ती मेंदूच्या कामाची नाही. ती रक्तात सोडायला लागणारं एन्झाइम स्नायूंकडे नसतंच, ते यकृताकडे असतं. म्हणून उपाशीपोटी सगळी भिस्त यकृतावर. आणि काहीच खाल्लं नाही तर चोवीस तासांच्या आसपास यकृताचा साठाही जवळजवळ संपतो. मग ते इतर पदार्थांपासून थोडी थोडी साखर बनवत राहतं.

चरबीचं तसं नाही. साध्या बांध्याच्या माणसाकडेही दहा किलो चरबी सहज असते, म्हणजे सुमारे नव्वद हजार कॅलरी. तीस किलोमीटर चालायला दीडएक हजार कॅलरी लागतात असं धरा. सगळ्या चरबीतून काढल्या तरी पाव किलोसुद्धा खर्च होणार नाही! अडचण एकच, चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. आरामात चालताना ती पुरते. वेग वाढला, चढ लागला, की स्नायू साखरेकडे वळतात.

दिंडीची चाल इथे मला फार शहाणपणाची वाटते. चालता चालता अभंग म्हणता येतोय, तोवर दम लागलेला नाही आणि चरबीवर बरंच भागतंय असं समजायला हरकत नाही. घाटात श्वास तुटायला लागला की साखरेचा खर्च वाढला.

रक्तातली साखर फार उतरली तर काय होतं, हे 1924 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी तपासलं होतं. शर्यत संपवून आलेल्या ज्या धावपटूंची साखर खूप कमी भरली, ते पांढरेफटक पडले होते, थरथरत होते, काहींना धड सुचत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांना वाटेत गोळ्या-मिठाई दिली आणि हा त्रास टळला.

वाटेवर वाटतात त्या केळ्यांचं आणि राजगिऱ्याच्या लाडवांचं काम तेच. साबुदाण्याची खिचडीही चालेल, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. पण बशीभर खिचडी खाऊन घरी बसायचं आणि वर उपासानं चरबी झडेल म्हणायचं, हे काही खरं नाही. ती पचेपर्यंत इन्सुलिन वाढलेलं असतं आणि साठ्यातली चरबी बाहेर पडणं मंदावतं. शरीराच्या लेखी तो उपास नव्हेच.

एका गटानं मात्र जपायला हवं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी. चालताना स्नायू एरवीच रक्तातली साखर ओढून घेतात. त्यात औषधाचा जोर आणि रिकामं यकृत, म्हणजे घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. असं झालं तर तिथल्या तिथे थांबून साखर किंवा गूळ खावा, एकादशी असली तरी. आणि औषधाचं प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

रिकामे झालेले स्नायू पुन्हा भरायला पोटभर भात-भाकरी मिळाली तरी एखादा दिवस जातो. सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. तेवढ्यात बराचसा साठा भरून निघतो.