त्या दिवशी तिथल्या मुलांना काय काम असतं?

(प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बहुतेक जण पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवता, म्हणून थेट वर्गातच शिरते.

‘जगभरातले सण’ हा विषय मी पहिल्यांदा घेतला तेव्हा एका तासात बारा देश उरकले होते. देशाचं नाव, झेंडा, सणाचं नाव, एक गोड पदार्थ, की लगेच पुढचा देश. मुलांनी झेंडे मन लावून रंगवले. आठवड्याने विचारलं तर कुणाला काही सांगता येईना. त्या तासाच्या शेवटी एका मुलीने मात्र विचारलं होतं, “बाई, त्या दिवशी तिथल्या मुलांना काय काम असतं?” मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न डोक्यातून गेला नाही आणि हळूहळू माझा सगळा पाठ त्याच्याभोवती उभा राहिला. सण शिकवायचा असेल तर त्या दिवशी लहान मुलाच्या हाती काय असतं, तिथून सुरुवात करा, एवढंच मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

ज्यूंच्या वल्हांडणाच्या पहिल्या रात्री घरातली माणसं जेवायला एकत्र बसतात. त्या वेळी सगळ्यांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे असतात. ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? रोज साधी भाकरीही चालते, मग आज फक्त बिनखमिराचीच का? मग मोठी माणसं मिसरमधल्या गुलामगिरीची आणि सुटकेची कथा सांगू लागतात. मुलाने तोंड उघडल्याशिवाय कथा सुरू व्हायची नाही, ही रचना शिक्षक म्हणून मला फार मोलाची वाटते. वर्गातल्या सात वर्षांच्या मुलाला ती झटकन कळते, कारण त्याचंही अर्धं आयुष्य ‘का’ विचारण्यात जातं.

जपानमध्ये फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन असतो. घरातलं कुणी तरी राक्षसाचा मुखवटा लावतं आणि मुलं भाजलेले सोयाबीन फेकून त्याला पिटाळतात. “राक्षस बाहेर, भाग्य आत” अशी आरोळी ठोकायची आणि नंतर आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. बल्गेरियात १ मार्चला मनगटावर लाल-पांढऱ्या दोऱ्यांची मार्तेनित्सा बांधतात. ती कधी काढायची? करकोचा किंवा पाकोळी दिसेल, नाहीतर पहिलं बहरलेलं झाड दिसेल तेव्हा. मग ती बहुधा झाडाच्या फांदीला बांधून टाकायची. म्हणजे कित्येक दिवस तिथली मुलं आकाशाकडे आणि झाडांकडे डोळे लावून असतात.

नवरोजवर मात्र मी दोन-तीन आठवडे घालवते आणि तुम्हीही घालवावेत असं मला मनापासून वाटतं. इराण, अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, अझरबैजान असा मोठा पट्टा तो साजरा करतो. इराणमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो नेमक्या त्या क्षणी नवं वर्ष लागतं. तो क्षण कधी भर दुपारी येतो, कधी पहाटे तीनला, आणि मुलंही डोळे चोळत मोठ्यांबरोबर जागतात. समोर ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडलेल्या असतात. सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेर्के म्हणजे शिरका. आणि सब्जे, म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हाचे किंवा मसुराचे हिरवे अंकुर. मुलांचा जीव असतो तो या सब्जेत. ते आधीच पेरावं लागतं, रोज पाणी शिंपडावं लागतं.

वर्गात ती ताटली ठेवा. धान्य रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यावर पसरा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात, मग पोपटी टोकं वर येतात, मग सगळं एका बाजूला उजेडाकडे झुकतं आणि मुलं ताटली फिरवून ठेवू लागतात. नवं वर्ष लागल्यावर तेराव्या दिवशी तिथली कुटुंबं घराबाहेर, झाडापाण्याजवळ जातात आणि सब्जे वाहत्या पाण्यात सोडतात. हे सांगितलं तेव्हा माझ्या वर्गात गलका झाला. इतके दिवस जपलेलं सोडून कसं द्यायचं? तो हळहळीचा क्षण इराणमधल्या मुलाच्या वाट्यालाही येत असेल. बारा झेंडे रंगवून इथपर्यंत पोचता येत नाही.

आता मेक्सिकोबद्दल, जरा जपून. १ आणि २ नोव्हेंबरला तिथली अनेक कुटुंबं गेलेल्या माणसांची आठवण जागवतात. त्यांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं खाणं ठेवतात, त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. झेंडू मुळात तिकडचाच. हा भुताखेतांचा दिवस नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. आणि वर्गात कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल तर पालकांशी आधी बोला. तशी मांडणी वर्गात करू नका, ती त्या घरांची आहे. पूजा-प्रार्थनेचं नाटक तर कुठल्याच धर्माचं बसवू नका. धान्य पेरणं वेगळं, कुणाची प्रार्थना खोटी खोटी म्हणणं वेगळं.

‘तिकडचे लोक असं करतात’ याऐवजी ‘तिकडच्या बऱ्याच घरांत असं करतात’ म्हणा. त्या समाजाचं मूल वर्गात असेल तर त्याला उभं करून ‘सांग तुमच्यात काय असतं’ असं विचारू नका. त्याला आपणहून सांगावंसं वाटलं तर भरपूर वेळ द्या. जी घरं सण पाळतच नाहीत, त्यांतल्या मुलांसाठी ताटलीतले अंकुर रोज कसे वाढतात ते टिपायची नोंदवही आहेच.

तिसरी-चौथीत एक प्रश्न हमखास येतो. ईद दर वर्षी वेगळ्या तारखेला का? तिथे शब्दांनी काम भागत नाही. कागदाची पट्टी घ्या, अर्धा सेंटिमीटर म्हणजे एक दिवस. ३६५ दिवसांची पट्टी १८२.५ सेंटिमीटरची होते. दुसरी पट्टी चंद्राच्या बारा महिन्यांची, २९ आणि ३० दिवस आलटून पालटून, म्हणजे ३५४ दिवस. ती साडेपाच सेंटिमीटरने तोकडी पडते. म्हणून रमजान दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. ज्यू पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतात, म्हणून वल्हांडण वसंतातच राहतो. सर्बियात नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण तिथलं चर्च जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळतं आणि ते सध्या १३ दिवस मागे आहे.

मी तीन वर्षांच्या पट्ट्या चिकटवून आणल्या आहेत, लाल सूर्याच्या आणि निळ्या चंद्राच्या. पुढच्या दोन बाकांवर ठेवते. टोकाला टोक लावून मोजा, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी किती अंतर पडतं ते बघा. तुमचे प्रश्न त्यानंतर घेऊ.