पायाखालची नावं

बर्लिनमधला एक साधा फूटपाथ. सकाळची घाई. सायकली, दप्तरं, बेकरीतून येणारा पावाचा वास. राखाडी दगडांत मध्येच एक पितळी चौकोन चकाकतो. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद. वाचायचं तर वाकावं लागतं.

‘इथे राहत होती.’ मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. घर तेच, जिथे ती शेवटचं आपल्या मर्जीनं राहिली. बहुतेक नावं ज्यूंची. जिप्सी म्हटले जाणारे रोमा, अपंग, समलिंगी, नाझींचे विरोधक, हेही आहेत.

जर्मन लोक याला श्टोल्परश्टाइन म्हणतात, ठेचेचा दगड. असतो मात्र जमिनीलगत, सपाट.

गुंटर डेमनिग या कलाकारानं १९९६ मध्ये इथल्या क्रॉयत्सबर्ग भागात हे दगड चक्क परवानगी न घेता बसवले. २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा बसला. तरी अक्षरं अजून हातोडीनंच, एकेक करून ठोकतात. माणसं कारखान्यासारखी मारली गेली. त्यांची नावं तरी कारखान्यात छापायची नाहीत.

बरेचदा शाळकरी मुलंच जुने पत्ते आणि छळछावण्यांत रवानगीच्या याद्या धुंडाळतात. १९३८ मध्ये ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली. त्या तारखेला लोक फडकी घेऊन रस्त्यावर बसतात आणि पितळ घासतात, दिवाळीआधी आपण समया घासतो तसं.

पण नाव पायाखाली? पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारे आपण, खटकतंच. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख यांनाही खटकलं. लहानपणी लपून राहिल्या म्हणून त्या वाचल्या. ज्यांना बुटांनी तुडवलं त्यांना पुन्हा तुडवायचं का, हा त्यांचा सवाल. म्युनिकनं सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू दिले नाहीत. तिथे नावं भिंतींवर आणि खांबांवर लागतात.

पंढरपूरची नामदेव पायरी आठवते. पण भक्तांच्या पायधुळीची ती जागा नामदेवांनी स्वतः मागितली, असं आपण ऐकत आलो. या माणसांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्साइट्स हे जर्मनीच्या पूर्वेकडचं छोटं शहर. ऑक्टोबर २०२४ मध्ये, हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्याला वर्ष झालं त्याच सुमारास, तिथले सगळेच्या सगळे दहा दगड कुणीतरी उपटून नेले. फूटपाथला दहा भोकं. लोकांनी वर्गणी काढली. नव्या पितळी पत्र्यावर हातोडी पुन्हा पहिल्या शब्दापाशी: ‘इथे’.